मस्करॅट ओढ्यावरचे सगळे वळू नापास

ऑर्लिन स्टेन्सरूड जीनच्या पँटला इस्त्री करायचा. नुसती इस्त्री नाही, पुढे मधोमध घडी पाडून. मस्करॅट ओढ्याच्या काठाने गुरं राखणाऱ्या माणसांत असं करणारा दुसरा कोणी नव्हता, आणि असलाच तर त्यानं मरेपर्यंत कबूल केलं नसतं. घोट्यापर्यंत शेणात उभा राहिला तरी ऑर्लिनची घडी सरळ.

"त्या घडीवर टोमॅटो कापता येतो," शेजारचा क्लीट वोयान म्हणायचा. आणि लगेच पुढे जोडायचा, "मी नाही म्हणत, लोक म्हणतात."

क्लीटच्या तोंडून कायम लोकच बोलायचे. त्याच्या वळूंसारखे वळू अख्ख्या मोंटानात नाहीत, असं लोक म्हणायचे. त्याची टोपी त्याला शोभते, असंही लोक म्हणायचे. हे लोक कोण, कुठे राहतात, याचा ओढ्यावर कुणालाच पत्ता नव्हता. क्लीट एकटाच गुपचूप जाऊन त्यांना भेटून येत असावा.

ऑर्लिनचं लग्न झालं नव्हतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण आयडेल. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली तेव्हा दोन बॅगा घेऊन आली. एकीत कपडे आणि एकीत भांडी. जीभ तिनं हातातच आणली होती, उघडी, म्यानाशिवाय.

"अंडी धुतलीस?" ती विचारायची.

"धुतली."

"टोपली?"

"ती पण."

"आणि कोंबडी?"

यावर ऑर्लिन खरोखर जरा विचारात पडायचा. त्याला सगळंच धुवावंसं वाटायचं. फाटकाच्या कड्या, ट्रॅक्टरची चाकं, मिठाच्या ढेपा. हात धुऊन झाले की साबणाची वडीसुद्धा खळखळून धुऊन ठेवायचा. "हा एक दिवस ओढा उपसून काढेल," आयडेल म्हणायची, "आणि खालचा एकेक दगड घासून पुन्हा जागच्या जागी लावेल."

असा हा माणूस. आणि त्याचा जीव अडकला होता तो नेमका डीकन नावाच्या वळूत. वळू म्हणजे काही चिनी मातीची बशी नव्हे. पण डीकन हिमवादळात जन्मला होता. त्याची आई दगावली आणि ऑर्लिननं त्याला स्वयंपाकघरात शेगडीपाशी बाटलीनं वाढवला. पांढरं तोंड, तांबूस अंग, आणि चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवणाऱ्या डीकनसारखा गंभीर चेहरा. ताटात कुणी काय टाकलं हे दिसतंय, पण आपण काही बोलणार नाही, असा. त्याला एकच खोड होती. माणूस दिसला की आपली जडशीळ हनुवटी त्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर टेकवायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. ऑर्लिनचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली झुकलेला आहे तो त्यामुळेच.

या प्रेमापायी ऑर्लिननं काय काय केलं नव्हतं! इकडच्या जानेवारीत वळूच्या अंडकोशाला हिमदंश होतो आणि मग तो वळू नुसता दिसायला वळू राहतो. सगळेजण जाड पेंढा पसरतात आणि देवावर हवाला ठेवतात. ऑर्लिन बहिणीकडे गेला.

"आयडेल, एक लोकरीची टोपी विणून देशील?"

"कुणाला?"

"आहे एक जण. थोराड डोक्याचा."

"कानांना पट्ट्या लावू?"

"कान नकोत. बंद मात्र लांब ठेव. नीट बांधता आला पाहिजे."

आयडेलनं मनापासून निळी टोपी विणली, वर गोंडाही लावला. दुसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता तिनं खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं, तर डीकन बर्फातून ऐटीत चालला होता आणि मागच्या दोन पायांमधे निळा गोंडा डुलत होता. तिनं ऑर्लिनशी अबोला धरला. ऑर्लिनला आधी ते लक्षातच आलं नाही. त्याला वाटलं, आज घर कसं छान शांत आहे.

पुढे ती टोपी कुंपणाच्या तारेत अडकून निघाली. कुणा भल्या माणसानं ती चर्चमधल्या हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत नेऊन टाकली. तिथून ती ओढ्यावरच्या गिस्लर बंधूंतल्या थोरल्यानं उचलली आणि वसंत येईपर्यंत डोक्यावर मिरवली. "ऊब अशी की," तो सांगायचा, "आईनंच विणलीय जणू." आयडेलला त्या हिवाळ्यात चर्चमधे एकही भजन धड म्हणता आलं नाही.

पण टोपी घालून वय थोडंच थांबतं! गेल्या वर्षीच्या वळूंच्या तपासणीत डीकन काठावर पास झाला होता, आणि त्यानंतर ऑर्लिनच्या कितीतरी गायी रिकाम्या राहिल्या. वासरू नाही म्हणजे गाय वर्षभर फुकट खाते.

"वळू आहे का पाहुणा?" आयडेल म्हणाली. "यंदा नापास झाला तर बर्डेटच्या गाडीत चढवायचा. कबूल?"

बर्डेट म्हणजे गुरांचा व्यापारी. तपासणीच्या दिवशी तो लांबलचक पिंजऱ्याची गाडी घेऊन हजर राहायचा. नापास वळू त्या गाडीत चढला की सरळ खिमाच.

"कबूल," ऑर्लिन म्हणाला.

"शपथ घे."

समोर रूबार्बच्या आंबट देठांचा 'पाय', म्हणजे पारीत भरून भाजलेलं गोड पक्वान्न, ठेवलं होतं; त्यानं त्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग हात धुतला.

ओढ्यावरच्या सगळ्यांची डोंगरातली उन्हाळी चराई एकच. त्यामुळे नियम असा की, तपासल्याशिवाय एकही वळू वर जाणार नाही. एप्रिलमधे एक दिवस ठरतो आणि सगळे आपापले वळू घेऊन स्टेन्सरूडांकडे येतात, कारण वळू अडकवून धरायचा त्यांचा लोखंडी खोडा सगळ्यात मजबूत. दुपारी तिथंच जेवण. आणि जेवणाचा रिवाज असा की, ज्यांचे वळू पास झाले ते टेबलाशी बसणार. ज्यांचा नापास झाला त्यानं वाढायचं आणि मग भांडी घासायची. या रिवाजाची लोकांना बर्डेटच्या गाडीपेक्षा जास्त धास्ती. वळू गेला तर दुसरा आणता येतो. पण आयडेलच्या मोरीशी कमरेला फुलाफुलांचा एप्रन बांधून उभं राहिलेलं लोकांनी पाहिलं, तर ते पुसता येत नाही.

गुरांच्या डॉक्टर ह्युलेट आदल्या संध्याकाळीच आल्या. या दिवसांत वितळलेल्या बर्फाच्या चिखलात गाडी रुतून उशीर होतो, म्हणून तशीच पद्धत. गुरांवर ओरडून ओरडून डॉक्टरीणबाईंच्या आवाजाला एकच पट्टी उरली होती. गोठ्यात तीच, चर्चमधे तीच, दु:खाच्या घरी समाचाराला गेल्या तरी तीच. "फार वाईट झालं!" असं त्या म्हणाल्या की बरण्या थरथरायच्या.

सकाळी ऑर्लिन उजाडायच्या आतच उठला. काळजीनं त्याला झोपच नव्हती, आणि काळजी लागली की तो फडकं घ्यायचा. खोड्याच्या सळया पुसल्या. डीकनला खरारा केला, शेपटीचा गोंडा विंचरला. डॉक्टरीणबाईंचं सामान ओसरीत होतं. पेटीत वीर्य धरायच्या नळ्या आणि रबरी नरसाळी. ऑर्लिननं एक नळी उजेडात धरली. नुसत्या गरम पाण्यानं विसळलेली, धुरकट.

"बिचाऱ्या बाई," तो मनात म्हणाला. "एकटीनं कुठे कुठे बघायचं!"

आणि लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण घेऊन त्यानं अख्खी पेटी घासून काढली. दोनदा.

नऊच्या सुमाराला अंगण गाड्यांनी भरलं. पहिला मान क्लीटचा, कारण तो त्यानं दुसऱ्या कुणाला दिलाच नसता. त्याचा जॅकपॉट नावाचा काळा वळू खोड्यात शिरला तेव्हा खोडा कुरकुरला. डॉक्टरीणबाईंनी अंडकोशाला टेप लावला.

"माप चांगलं आहे!" पलीकडच्या डोंगरानं तेच परत सांगितलं.

"मी नाही म्हणत," क्लीट छाती काढून म्हणाला, "पण लोक म्हणतात, पुढच्या वर्षी टेप लांब आणावा लागेल."

मग डॉक्टरीणबाईंनी विजेची कांडी हातात घेतली. ती वळूच्या शेपटीखालून आत जाते आणि हलके हलके झटके देते. या क्षणाची ओढ्यावर एक रीत आहे. कुणी सांगत नाही, पण सगळे पुरुष एकदम क्षितिजाकडे बघायला लागतात.

"वारा बदलला," धाकटा गिस्लर म्हणाला.

"नाही बदलला," थोरला म्हणाला. हे दोघे भाऊ एकाच घरात राहून आजवर एकाही गोष्टीवर एकमत न झालेले.

"ए हवामानखातं!" डॉक्टरीणबाई गरजल्या. "नळी कोण धरणार? ढग धरणार?"

नळी धरली गेली. जॅकपॉटनं डोळे वटारले, पाठीची कमान केली आणि आपलं काम केलं. डॉक्टरीणबाई थेंब घेऊन आपल्या गाडीत शिरल्या. मागे टप, आत शेगडी, फळीवर सूक्ष्मदर्शक. बघताना त्या भजन गुणगुणायच्या. नमुना जितका जोरकस तितकं भजन चढं. आज भजन सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत थांबलं.

"मेलेत!"

"कोण?" क्लीट म्हणाला.

"सगळे!"

मग मागून कुणीतरी खुसकन हसलं आणि क्लीटचा चेहरा जॅकपॉटसारखा काळा पडला.

पुढचा वळू गिस्लर बंधूंचा. मेलेत. त्यापुढचा, ओढ्याच्या वरच्या अंगाचा. मेलेत. मग आणखी एक. तो तर येतानाच वाटेत दोन फाटकं मोडून आला होता, पण काचपट्टीवर सामसूम. आधी जे हसत होते ते आपली पाळी आल्यावर हसायचे थांबत गेले. डॉक्टरीणबाईंनी भिंगं पुसली, शेगडी वाढवली, डोळे चोळले, स्वत:ला दोन शिव्या दिल्या. मग एक शिवी सूक्ष्मदर्शकाला.

"पाण्यात काहीतरी आहे," थोरला गिस्लर म्हणाला.

"गवतात आहे," धाकटा म्हणाला.

"आपण पण तेच पाणी पितो."

"म्हणून तर म्हणतोय गवतात."

आयडेल ओसरीत बटाटे सोलत होती. "सगळी पुरुषाचीच जात," ती तिथूनच म्हणाली. "फाटकं मोडायला पुढे. आत बघावं तर काही नाही."

बर्डेट गाडीला टेकून उभा होता. त्याची एक खासियत होती. शब्द जणू उसने आणलेले असावेत तसा तो ते जपून वापरायचा. पहिल्या वळूला तो म्हणाला, "हं." दुसऱ्याला, "हं हं." पाचव्याला त्यानं चक्क टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाला, "दुसरी गाडी मागवतो." एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. क्लीटनं तर रागाच्या भरात जॅकपॉटला स्वत:च गाडीत चढवलं. "घेऊन जा! माझ्या डोळ्यांसमोर नको!" या वेळी लोक काय म्हणतात ते त्यानं सांगितलं नाही.

शेवटी डीकन. त्याला खोड्यात ढकलावं लागलं नाही, तो आपणच चालत गेला, आणि समोरच्या सळईवर हनुवटी टेकून डोळे मिटून उभा राहिला. कांडी लागली तेव्हा त्यानं फक्त एक डोळा उघडून ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिननं क्षितिजाकडे पाहिलं नाही. त्यानं डीकनचा कान धरून ठेवला.

"मेलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वेळी जमेल तितकं हळू. ओढ्यापलीकडे ऐकू गेलं नसेल.

ऑर्लिननं बर्डेटकडे पाहिलं. "जेवण होईपर्यंत थांब."

"गोडाला पाय कसला?"

"रूबार्ब."

"थांबतो," बर्डेट म्हणाला.

जेवणाची वेळ झाली आणि एक अडचण उभी राहिली. टेबलाशी बसायला कुणी पात्रच नव्हतं. डॉक्टरीणबाई बसल्या, कारण त्यांच्याकडे वळू नव्हता. बर्डेट बसला, कारण त्याच्याकडे सगळ्यांचे होते. यजमानाच्या खुर्चीवर आयडेल बसली, आणि तिनं नॅपकिन असा झटकला की जणू राज्याभिषेकच चाललाय.

"क्लीट, ग्रेव्ही आण," ती म्हणाली. "अरे, सांडू नकोस, तुझ्या वळूचा नमुना आहे का तो? गिस्लर, लेफ्सा पोळ्या गरम आहेत ना? दोघांनी वेगवेगळी उत्तरं देऊ नका."

उभ्या उभ्या चार घास खाऊन पुरुष मोरीशी रांगेला लागले. एप्रन एकच, तो क्लीटला मिळाला. त्यानं जन्मात ताटली घासली नव्हती. हातात धरून तिच्याकडे तो अनोळखी जनावराकडे बघावं तसा बघत होता. बाकीचे शोकात बुडालेले. कुणी काटे बुचकळत होतं, कुणी नुसतंच पाणी हलवत होतं.

ऑर्लिन दारापाशी उभा होता. खिडकीतून गाडीजवळ बांधलेला डीकन दिसत होता. पण डोळ्यांदेखत क्लीटनं ती ताटली तेलकट तशीच फडताळात ठेवली, आणि ऑर्लिनला राहवलं नाही.

"असं नसतं रे! साबण घे, साबण! गोल फिरव. कडेला बोट घाल."

"निघाली की घाण."

"कुठे निघाली? चकाकली पाहिजे. सकाळी मी डॉक्टरीणबाईंच्या नळ्या घासल्या, जा, बघून ये. आरशासारख्या! भांग पाडावा त्यात!"

टेबलाशी डॉक्टरीणबाईंचा काटा हवेतच थांबला.

"काय घासलंस?"

"नळ्या. आणि ती रबरी नरसाळी. फार धुरकट झाली होती हो तुमची."

"कशानं?"

"याच साबणानं," ऑर्लिन अभिमानानं म्हणाला. "दोनदा."

मग डॉक्टरीणबाईंचं हसू फुटलं. आधी टेबल हललं, मग बश्या, आणि बाहेर एकूण एक वळूनं हंबरून ओ दिली.

"अरे माणसा! साबणाचा थेंब लागला तरी ते मरतात! म्हणून तर मी साध्या पाण्यानं विसळते. आंघोळ घालून मारलंस की रे अख्ख्या ओढ्याला!" त्यांनी डोळे पुसले. "आणि मी पण गाढव! सकाळपासून लिंबाचा वास येतोय. मला वाटलं, आयडेलनं यंदा लिंबाचा पाय केलाय. मी आपली खूश!"

पहिला क्लीट धावला. एप्रनसकट, कोपरापर्यंत फेस, हातात ताटली. "उतरव! माझा जॅकपॉट उतरव!" मागून गिस्लर बंधू, मागून सगळे. बर्डेट मात्र जागचा हलला नाही. त्यानं पायचा दुसरा तुकडा घेतला आणि जड मनानं म्हणाला, "हं."

डॉक्टरीणबाईंच्या गाडीत सीटखाली कोऱ्या नळ्यांचा खोका होता. दुपारी सगळं पहिल्यापासून सुरू झालं. फरक एवढाच की आता वळू खोड्याजवळ आला की दहा जण एका सुरात ओरडायचे, "ऑर्लिन, हात खिशात!"

जॅकपॉटचं पाहताना भजन पार कळसाला गेलं. "वारूळ फुटलंय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिकडे बघावं तिकडे पळापळ!" गिस्लरांचा पास. फाटकं मोडणारा पास. एकेक मालक पुन्हा फुगत गेला आणि सकाळी आपल्याला मुळीच काळजी वाटली नव्हती असं एकमेकांना सांगायला लागला.

डीकनच्या वेळी भजन सुरूच झालं नाही.

"दुसरी नळी द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिसरी. मग त्या टपाबाहेर डोकावल्या. "ऑर्लिन, नळी कोरी आहे. साबण नाही यात."

"म्हणजे?"

"दोन-चार आहेत. तेसुद्धा जागच्या जागी गोल फिरताहेत. बाकी सगळे झोपलेत, बाबा. पुन्हा उठायचे नाहीत."

"मी बघू?"

ऑर्लिननं टोपी काढली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग एकदम, "तो बघा! तो पोहतोय! डावीकडून!"

"तो पोहत नाहीये. मी फळीला टेकलेय."

डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या. काचेवरचा तोही थांबला.

बर्डेटनं गाडीचं मागचं फाटक पाडलं. आता कुणी हसत नव्हतं. ऑर्लिन आत जाऊन खरारा घेऊन आला. "घाण नको जायला," एवढंच म्हणाला, आणि डीकनच्या पाठीवरून खरारा फिरवत राहिला, स्वच्छ होती तरी. आयडेल ओसरीत उभी होती. तिनं कारण नसताना हात पुसले, फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. पण शपथ शपथ होती, आणि ती घालणारीही तीच.

"चल रे," ऑर्लिननं कासरा ओढला.

डीकन चार पावलं चालला आणि थबकला. नाक वर केलं. वरचा ओठ उलटा करून दात दाखवत त्यानं वारा हुंगला. त्या गंभीर चेहऱ्यावर कुणी असले भाव कधी पाहिले नव्हते. जणू वर्गणीच्या ताटात कुणी सोन्याचं नाणं टाकलं होतं. आणि मग म्हातारा गाडीकडे पाठ फिरवून जो निघाला! कासऱ्याला धरलेला ऑर्लिन आधी धावला, मग घसरला, मग पालथा चिखलातून नांगरासारखा ओढला गेला. थेट घरामागच्या कुंपणापर्यंत. तिथे आयडेलची दुभती गाय उभी होती. डीकननं तारेवरून मान काढून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली आणि मोठा सुस्कारा सोडला.

"ही माजावर आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," आयडेल म्हणाली. "सकाळीच धार काढली मी. काही लक्षण नव्हतं."

डॉक्टरीणबाई कुंपणापाशी गेल्या, गाय पाहिली, शेपटी उचलून पाहिली. "आहे. आत्ता कुठे सुरुवात आहे. याला अंगणातून कळलं." आणि त्या वळल्या. "क्लीट! तुझ्या कालवडींना तू गोठवलेलं वीर्य भरतोस ना? माज कसा ओळखतोस?"

"दुर्बीण घेऊन गाडीत बसतो," क्लीट म्हणाला. "पहाटेपासून."

"आणि झोपतो," थोरला गिस्लर म्हणाला.

"घोरतो," धाकटा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा दोघं इतके जवळ आले होते.

"गेल्या साली निम्म्या हुकल्या तुझ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुला हुंगणारा वळू हवा. हनुवटीखाली रंगाची पिशवी बांधायची आणि कळपात सोडायचा. माजावरची कालवड शोधणार हा, तिच्यावर चढणार हा, पाठीवर रंगाचा पट्टा ओढणार हा. पट्टा दिसला की भरायचं काम तुझं. पोटात मात्र याचं काही राहता कामा नये. खात्रीसाठी मी नसबंदीची एक बारीकशी गाठ मारून देते. तशी याला तिचीही फारशी गरज नाही."

"म्हणजे उत्साह दांडगा," आयडेल म्हणाली, "आणि हाती काही लागत नाही."

"बरोबर!"

"मग त्या कामाला ओढ्यावर उमेदवार पुष्कळ आहेत."

क्लीट डीकनकडे बघत होता. "लोक म्हणतात..." त्यानं सुरुवात केली.

"लोक गेले खड्ड्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तू काय म्हणतोस?"

क्लीट गडबडला. त्याला ही सवय नव्हती. "मी... मला चालेल. म्हणजे पाहिजे. ऑर्लिन, देशील का रे?"

ऑर्लिन चिखलातून उठून बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत एकच रंग. पँटची घडी कुठे आहे हे देवालाही सापडलं नसतं. त्यानं आयडेलकडे पाहिलं.

"नापास झाला तर गाडीत चढवायचा, अशी शपथ होती," तो म्हणाला.

"वळू म्हणून नापास झाला तर," आयडेल म्हणाली. "हा आता वळू कुठे राहिला? हा नोकरदार आहे." आणि ती वळून म्हणाली, "बर्डेट, फाटक लाव. वारा शिरतोय गाडीत."

बर्डेटनं फाटक लावलं, उरलेला पाय फडक्यात बांधून मागून घेतला, आणि रिकामी गाडी खडखडवत निघून गेला. जाताना काही म्हणाला का, ते डॉक्टरीणबाईंच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

मे महिन्यात डीकन कामावर रुजू झाला. गळ्याशी पिशवी, पिशवीत नारिंगी रंग. एकही कालवड चुकली नाही. क्लीटच्या रानात उतारभर नारिंगी पट्टे चरत होते. ऑर्लिन रोज संध्याकाळी स्पंज घेऊन भेटीला जायचा आणि परत येताना त्याचाही उजवा खांदा नारिंगी असायचा.

एका रविवारी सकाळी क्लीट चांगला कोट घालून चर्चला निघाला. वाटेत कुंपणाची एक तार सैल दिसली म्हणून तेवढी आवळायला तो वाकला. मागे कोण येऊन उभं राहिलं, हे त्याला कळलं, वजनही जाणवलं. पण त्यानं प्रेमानं "हो बाजूला, म्हाताऱ्या," म्हटलं आणि तसाच चर्चला गेला.

त्याच्या कोटावर मानेपासून कमरेपर्यंत रुंद नारिंगी पट्टा. सगळ्यांनी पाहिला. कुणी ब्र काढला नाही. गिस्लर बंधू मात्र वाकून कुजबुजले.

"आजच भरावा का?"

"छे, उद्या सकाळी."

आयडेलनं भजनाच्या पुस्तकात तोंड खुपसलं. ऑर्लिन बरोबर क्लीटच्या मागच्या बाकावर होता. खिशात धुतलेला, इस्त्रीचा रुमाल. समोर हातभर अंतरावर तो पट्टा, अजून ओला. थोडं पाणी लावलं असतं तर सहज निघाला असता. त्याची बोटं वळवळायला लागली, हात आपोआप खिशाकडे गेला.

"खबरदार," आयडेल पुस्तकातून म्हणाली.

ऑर्लिननं दोन्ही हात मांडीखाली घातले, त्यांच्यावर घट्ट बसला, आणि घामाघूम होत सगळं भजन शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं.